चाखणाऱ्याची वाटी

माघ वद्य प्रतिपदा, सन १९६१

आजपासून लिहून ठेवतो. तोंडानं बोलाची सोय राह्यली नाही. या तांड्यात एक शब्द बोला, चार घरी त्याले फोडणी पडते. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्याची बोली, बोलतो, अन् लिहितो मी मराठीत, चौथीपर्यंत शिकलो तेवढ्यावर. बायको लालीबाईले वाचता येत नाही, सून रुपीबाईले येत नाही. लेक अमरसिंगले येते, पण तो यवतमाळले कापसाच्या जिनात कामाले आहे अन् होळीले सुटी नाही म्हणते. म्हणजे इथं लिहिलेलं इथंच राहीन.

ताप भल्ला होता. पौषात धरला तो माघ अर्धा खाऊन गेला. दारव्ह्याहून पंजाबराव कंपाउंडर येऊन सुया टोचून गेला. जाताना त्यानं लालीबाईले बाजूले घेतलं अन् दोघं हळूच उलुसे, दोनचार शब्द, बोलले. मी खाटेवरून पाहून राह्यलो होतो. विचारलं त म्हणे, "पथ्य सांगत होता." ताप माहा, पथ्य माहं, मंग ते तिले कायले सांगाचं?

आज पहिल्यांदा ताटावर बसलो. वांग्याची भाजी होती. तोंडात घातली त माती. मीठ नाही, तिखट नाही. रुपीबाईले म्हतलं, "सासरा मेला असं समजून रांधलं का वं?" ती म्हणे, "बापू, मीठ बरोबर आहे." मी वरून मीठ घेतलं. तरी मातीच. लालीबाई माह्या ताटाकडं पाहत बसली अन् काही बोलली नाही. या बाईचं न बोलणं मी सारी जिंदगी पाहिलं आहे. ती चूप बसली म्हणजे डाळीत काहीतरी काळं आहे.

माघ वद्य चतुर्थी

मी कोण, हे लिहून ठेवलं पाहिजे. लोक विसराले टपलेच आहेत.

मी किसनसिंग, या तांड्याचा चाखणारा. माहा आजा बैलांच्या पाठीवर मीठ अन् गहू लादून मुलूख फिरे त्या काळचा. तांडा अनोळखी विहिरीवर उतरला की आधी आजा एक ओंजळ पाणी तोंडात घे, घोळवे अन् थुंके. तो हो म्हणे तेव्हा माणसं पीत, बैलं पीत. तो नाही म्हणे त तहानलेला तांडा पुढं चाले. चाखाचं, गिळाचं नाही, हा त्याचा नियम. पुढं रेल्वे आली, लादणं गेलं, आम्ही वावरं कसाले लागलो अन् विहिरी घरच्या झाल्या. मंग ही जीभ होळीच्या दारूले लागली.

होळीच्या आधी तेरसले घरोघरची मोहाची, पहिल्या धारेची, तांड्याचा मुख्य धावजी नायक, त्याच्या अंगणात येते. मी एकेक वाटी चाखतो. मी हो म्हतलं त त्या घरचं मडकं होळीच्या सामाईक रांजणात पडते. नाही म्हतलं त ते घर त्या साली होळीले रिकाम्या हातानं येते, अन् त्याची कुरकूर पुढची होळी येईपर्यंत पुरते. सरकारची बंदी आहे, ते मले माहीत आहे. सरकारले आमची होळी माहीत नाही.

अन् ही नुसती हौस नाही. गेल्या साली पलीकडच्या तालुक्यातल्या एका खेड्यात शहरातल्या स्पिरिटची दारू पिऊन दोघं मेले अन् एक धडधाकट माणूस आंधळा झाला. त्यांच्यात चाखणारा नव्हता. आमच्यात आहे. एवढी लेकरंबाळं माह्या जिभेच्या भरवशावर होळी खेळतात.

या साली भेव जास्त आहे. मी तापात पडलो असताना पोलिसाईनं नाल्यातल्या भट्ट्या फोडल्या. उत्तमसिंगची सारी मडकी गेली. बिचारा. खबर कोणीतरी दिलीच असन. अन् आमच्याच तांड्यातल्या खेमसिंगचं एकही मडकं फुटलं नाही. तो म्हणते, त्याची भट्टी नाल्यात नव्हती, पळसाच्या रानात होती. आता यात समजाले कठीण काय आहे? कुंपणच शेत खाऊन राह्यलं.

माघ वद्य अष्टमी

रुपीबाईनं चहात गूळ टाकणं सोडलं. विचारलं त कपाळाले हात लावते अन् भांडं दाखवते, "पाहा, बापू, तळाशी किती गूळ आहे." भांडं तिचं, गूळ तिचा, पुरावाही तिचाच. लालीबाई म्हणे, "तिले कायले बोलता? मी टाकला गूळ." म्हणजे दोघी मिळाल्या.

महाशिवरात्र

आज उपास. एक बरं झालं, रताळं कसंही लागलं तरी कोणाले दोष देता येत नाही.

सांजच्याले नायकाच्या अंगणात बायका लेंग्या बसवून राह्यल्या आहेत. लेंगी म्हणजे आमचं होळीचं गाणं. सालभरात ज्या घरी जे घडलं ते त्यात येते, अन् मी ज्या घरची वाटी चाखतो त्या घरची लेंगी तेव्हा होते. लालीबाई पुढं म्हणते, बाकीच्या मागून उचलतात. त्यामुळं या तांड्याचं साल कसं गेलं हे मले जिभेनं अन् कानानं एकदमच कळते. दुसऱ्या कोणाले असं साल भेटत नाही.

कुडाआडून ऐकलं. नायकाच्या घरची लेंगी त्याचा बैल हरवून सापडला त्याची आहे. चाल बरी आहे, पण बैलापेक्षा नायकाचीच तारीफ जास्त. उत्तमसिंगच्या घरची मडकी फुटली त्याची. ती हसवते, पण ज्याचं नुकसान झालं त्यानं कसं हसाचं? खेमसिंगच्या घरची सगळ्यात मोठी. त्याले अन् त्याच्या भुरीबाईले बारा साल लेकरू नव्हतं, या दिवाळीच्या आगंमागं पोरगा झाला, त्याची. एवढं ऐकलं अन् पुरं ऐकावं म्हणून अंगणात पाय टाकला. नंगारा तिथंच थांबला.

"काहून थांबल्या?" मी विचारलं.

लालीबाई म्हणे, "घसा बसला."

दहा बायाईचा घसा एकाच घडीले बसला. घरी येऊन कवाड ओढून बसलो. ती लेंगी माह्यावर आहे, दुसरं काय असन? म्हातारा तापानं खंगला, तांड्यावर भार झाला, असंच काही असन. अन् माही बायको ते पुढं होऊन म्हणून राह्यली.

फाल्गुन शुद्ध तृतीया

दारव्ह्याच्या बाजारात गेलतो. पायात जोर आला आता. कोणाच्यातरी लग्नाची वरात निघाली होती अन् बँड वाजून राह्यला होता. उभा राहून ऐकलं. गेल्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा हाच बँड सकाळपासून रस्त्यानं वाजत होता. तेव्हा वाजवणाऱ्यांचे चेहरे कसे फुलले होते. आज ते नुसते गाल फुगवून राह्यले होते.

साल कसं वाजलं याचा परतीच्या वाटेनं विचार केला. लग्नाईत भोंगे आले, त्यामुळं बायाईनं म्हणणं सोडलं. यंत्र म्हणते अन् बायका ऐकतात. नायकानं बॅटरीचा रेडिओ आणला, तो बातम्या सांगते अन् नायक त्याच आम्हाले स्वतःच्या म्हणून सांगते. अन् पलीकडच्या वस्तीतला गोविंदा यंदा होळीले डफडं घेऊन येणार नाही. त्याच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हापासून दुसऱ्याच्या दारात वाजवणं बंद केलं. मले आधी राग आला होता. मंग वाटलं, बरोबर आहे त्याचं. किती पिढ्या वाजवलं अन् आम्ही कधी बसाले चटई टाकली? आता आमचा नंगारा आम्हीच बडवू. कमी वाजन पण आपला वाजन.

वाटेत उत्तमसिंग भेटला. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला पत्र्याचा डबा होता. विचारलं त म्हणे, "रॉकेल आहे, काका. दिव्याले." मंग उगाच माह्यासंगं हळू चालत राह्यला. म्हणे, "माही मडकी गेली, पण तेरसले वाटी आणीनच. मोह उरला आहे घरी. तुमच्या जिभेवर सारा तांडा निवांत झोपते, काका. तुम्ही हो म्हतलं की झालं." असा एक माणूस आहे म्हणून अजून जीव लागते. बाकीचे त तोंड पाहून बोलणं बदलतात.

फाल्गुन शुद्ध अष्टमी

खेमसिंगच्या मनात काय आहे ते आज उघडं पडलं.

पाणवठ्यावर तो अन् लालीबाई उभे होते. मी बाभळीमागून आलो, त्याईनं पाहिलं नाही. तो विचारून राह्यला होता, "काकाची जीभ कशी आहे आता?" लालीबाई म्हणे, "तशीच." तो म्हणे, "मंग तेरसले कसं कराचं?" ती म्हणे, "मी पाहीन. नायकासंगं बोलली आहे मी."

झालं. चाखणाऱ्याची जागा पाह्यजे त्याले. पोरगा झाला तशी छाती फुगली. यंदा त्याच्या दारी धुंड आहे. सालभरात ज्या घरी पोरगा होते त्या घरी होळीच्या दिवशी सारा तांडा जमते, लेकराले आशीर्वाद देते, नाव ठेवते, त्याले आम्ही धुंड म्हणतो. घरचं मडकं रांजणात पडलं असन तरच दाराले शोभा. बारा साल ज्या बाईले लोक वांझ म्हणत होते त्या भुरीबाईनं स्वतःच्या हातानं मोह भिजवला अन् स्वतः भट्टीपाशी बसली, असं रुपीबाई सांगून राह्यली होती. सांगताना तिनं तव्यावरची भाकर करपू दिली. मले उलुसं वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून जीभ खोटी करता येत नाही.

मनातलं लिहितो. आज पाटावरची गुळाची ढेप फोडून तोंडात टाकली. घरचाच गूळ, कोणाचा हात लागला नव्हता. काहीच लागलं नाही, खडा चघळल्यासारखं. थुंकून दुसरा खडा टाकला, तोही तसाच. मंग लक्षात आलं, यंदाचा गूळच फिका असन. बाजारात आताशा काय भेटते त्याचा भरवसा नाही.

फाल्गुन शुद्ध त्रयोदशी

राग अजून उतरला नाही. तरी जसं झालं तसं लिहितो.

नायकाच्या अंगणात सारा तांडा जमला. मी घोंगडीवर बसलो, नंगारावाला डाव्या अंगाले, बाया उजव्या अंगाले. दरसाली वाट्या भराचं काम नायकाचा माणूस करते. यंदा लालीबाईनं ते घेतलं. का, त कोणी सांगतलं नाही. ती वाटी भरे, पदराआड ने, घडीभर थांबे अन् मंग माह्या हाती दे. मी पाहून राह्यलो होतो. पदराआड पाणी घालून राह्यली, दुसरं काय? कारण पहिली वाटी नायकाच्या घरची होती अन् ती पाणी लागली. दुसरी लागली पाणी. तिसरी पाणी. फक्त घशाशी उलुसं जळे, एवढंच.

आता काय कराचं? भरल्या सभेत बायकोले चोर म्हणाचं का? जीभ काही बोलत नव्हती तेव्हा डोस्क्यानं काम केलं. कोणाच्या घरी मोह चांगला वाळतो, कोण आळशी आहे, कोणाची नियत कशी आहे, हे मले ठाऊक आहेच. त्याच्यावरून हो म्हणत गेलो. नायकाच्या घरच्याले हो, बाकी दोन घरचे माणसं साधे आहेत, त्याईले हो.

मंग खेमसिंगच्या घरची वाटी आली. भुरीबाई लेकराले छातीशी धरून समोरच उभी होती. वाटी तोंडात घेतली, घोळवली, थुंकली. पाणीच. मी म्हतलं, "नाही. पाणी आहे हे."

भुरीबाईचं तोंड पांढरं पडलं. खेमसिंग म्हणे, "काका, पुन्हा एकवार घ्या." मी म्हतलं, "माही जीभ दोनदा बोलत नाही." नायकानं उरलेली वाटी विस्तवावर ओतली त भपकन् जाळ झाला. मी म्हतलं, "रॉकेल मिसळलं असन." यावर कोणीतरी मागं हसलं अन् लगेच चूप झालं.

अन् लालीबाई? माह्या नाहीनंतर तिनं त्या घरची लेंगी थांबवाची होती. रीतच तशी आहे, नाही म्हतलं की गाणं तिथंच मोडते. तिनं पुन्हा सुरुवातीपासून घेतली. मंग आणखी एकदा घेतली, वरच्या सुरात, अन् साऱ्या बायका तिच्यामागं. नायक माह्याकडं पाहत नव्हता, तो तिच्याकडं पाहून राह्यला होता. लेंगी संपली तसं त्यानं मान हालवली अन् खेमसिंगचं मडकं उचलून रांजणात रितं केलं. मी नाही म्हतल्यावर.

शेवटी उत्तमसिंगची वाटी. लालीबाईनं ती पदराआड नेली अन् भल्ली वेळ थांबली. माह्या हाती देताना तिनं वाटी सोडलीच नाही, मले ओढून घ्यावी लागली. घशाशी बाकीच्यांपेक्षा जास्त जळलं. अन् हा एकच माणूस माह्यासंगं सरळ बोलते. मी म्हतलं, "हो. ही खरी." तिकडं लालीबाईनं मडकी फुटल्याची लेंगी एक ओळ म्हतली अन् सोडून दिली. बाकीच्या तोंड मिटून उभ्या राह्यल्या. नायकानं उत्तमसिंगचा डबा उचलला अन् रांजणात न टाकता घरामागं नेऊन ठेवला.

म्हणजे माहं हो ते हो नाही, माहं नाही ते नाही नाही. बायको गाते अन् नायक ऐकते. मले घोंगडीवर बुजगावण्यासारखं बसवलं होतं. खेमसिंगनं दोघाईले कसं फितवलं, तेवढंच कळाचं बाकी आहे.

रात्री जेवलो नाही.

फाल्गुन शुद्ध चतुर्दशी

दुपारी नायकाच्या घरामागं गेलो. डबा तिथंच होता, वर दगड ठेवला होता. उचलला अन् घरी आणला. कोणी अडवलं नाही. सारे होळीची लाकडं आणाले रानात गेले होते.

मनात हे होतं: घरच्या ओट्यावर बसून, दिवसाउजेडी, वाटी भरून पिऊन दाखवाची. चाखाची नाही, प्याची. आज्याचा नियम मोडला त मोडला. उद्या मी धडधाकट उभा राह्यलो की साऱ्याईची तोंडं काळी. मनाच्या तळाशी दुसरंही काही होतं, तेही लिहितो. वाटत होतं, नसलोच उभा, त एवढं तरी होईन की कोणी मले बुजगावणं म्हणणार नाही.

वाटी भरली अन् लालीबाई आली. डोक्यावर पाण्याची गुंडी होती, ती उतरवली. ओरडली नाही, डबा हिसकला नाही. माह्यासमोर बसली अन् माह्या हातातली वाटी अलगद घेतली.

"अमरचे बापू, तुम्ही याले हो म्हतलं ना?"

"म्हतलं. भर सभेत म्हतलं."

"मंग आधी मी पिते. तुमच्या हो वर हा तांडा आजपर्यंत प्याला, मीच कायले मागं राहू?"

असं म्हणून तिनं वाटी तोंडाशी नेली. थट्टा नव्हती. ओठ लागलेच होते.

मी तिचं मनगट धरलं. धराचं असं ठरवलं नव्हतं, हातानं आपणहून धरलं. वाटी कलंडली, अर्धी माह्या धोतरावर सांडली.

"काहून धरलं?" तिनं विचारलं.

जीभ खरी असती त धराचं काही कारण नव्हतं. हे तिलेही समजलं अन् मलेही समजलं. तिचं मनगट मी सोडलं नाही अन् तिनंही सोडवलं नाही.

मंग तिनं सांगतलं. पंजाबरावनं तेव्हाच तिले सांगतलं होतं की असल्या तापात कधीकधी जीभ अन् नाक दोन्ही जातात, परत येतीन त येतीन, नाहीतर नाही. भाजीत मीठ होतं. चहात गूळ होता. पदराआड ती पाणी घालत नव्हती, ती चाखून राह्यली होती. माही वाटी चाखून, थुंकून, मंग ती लेंगी उचले, चांगली असन त पुरी, नसन त मोडलेली. हे नायकाले माहीत होतं. खेमसिंगले माहीत होतं. बायाईले त आधीच माहीत होतं, मी अंगणात पाय टाकला त्या दिवशी त्या तेच ठरवत होत्या.

"सारा तांडा?" मी म्हतलं.

"सारा तांडा. एका उत्तमसिंगले सोडून. त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून."

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त मानलं असतं?"

नसतं मानलं. तिच्यावरच आळ घेतला असता. घेतलाच होता, या पानाईवर घेतला आहे.

"मंग तू चाखणारी आहेस," मी म्हतलं. "हे कधीपासून येते तुले?"

"तुमच्यासंगं एवढी सालं जेवली," ती म्हणाली. "तुम्ही चाखून सांगत गेले, मी ऐकत गेली. उत्तमसिंगच्यात मोहच नाही. वारनिशवाल्याच्या दुकानात वास येते तसा वास आहे. वाटी देताना जीव खाली-वर झाला, पण तुम्ही गिळत नाही हे माहीत होतं. पाण्याहून येताना ओट्यावर तुम्ही अन् डबा दिसला, आज गिळाले बसले हे समजलं, म्हणून पाय उचलून आली."

डबा तिनं उकिरड्यापलीकडं खड्ड्यात ओतला अन् वर माती लोटली. मी ओट्यावर बसून राह्यलो. रडू आलं. माहा आजा, माहा बाप, त्याईच्यानंतर ही जीभ माह्याजवळ आली अन् माह्याजवळच मेली. अन् मेलेली जीभ घेऊन मी एका बाईले तिच्या लेकरासगट भर सभेत खोटं पाडलं. त्यापेक्षा ताप घेऊन गेला असता तरी चाललं असतं, असं वाटलं, अन् लालीबाईले तसं म्हतलंही. ती म्हणे, "मले नसतं चाललं."

दिवस मावळता उत्तमसिंगच्या घरून रडारड आली. डबा रांजणात पडला नाही या रागात त्यानं काल रात्री नायकाच्या घरामागं जाऊन त्यातली घोटभर घेतली होती. दुपारपासून त्याले डोळ्यापुढं धुकं दिसून राह्यलं आहे. दारव्ह्यातल्या कोण्या दलालानं मोहाची म्हणून दिली अन् यानं गूळ कालवून घरची म्हणून आणली. खेमसिंगनं छकडा जुंपला अन् त्याले घेऊन गेला. माह्यानं मागं उभं राहवलं नाही. मीही छकड्यात बसलो. सारी वाट उत्तमसिंग माह्या हाताले धरून विचारत होता, "काका, तुम्ही त हो म्हतलं होतं." दरवेळी मी म्हतलं, "चुकलो."

फाल्गुन वद्य प्रतिपदा

पहाटे होळी पेटली तेव्हा आम्ही परतलो. उत्तमसिंगले दवाखान्यात ठेवून घेतलं आहे. डॉक्टर म्हणते, थोडी घेतली म्हणून जिवावरचं टळलं, नजर बरीचशी परत येईन. रांजण चांगला आहे. लोक पिऊन राह्यले आहेत, नाचून राह्यले आहेत. तेरसच्या गोष्टीचा कोणी विषय काढला नाही, नेहमीसारखा रामराम करत होते. ते जास्त लागलं.

दुपारी खेमसिंगच्या दारी धुंड. अंगणात खुंटा गाडून त्याले लापशीची देगची बांधतात. बाया काठ्या घेऊन तिच्याभोवती पहारा करतात अन् जवान गड्याईनं मार खात ती सोडवून न्याची. म्हातारे ओट्यावर बसून हसतात. मी ओट्यावरून उठलो, डोक्याले पागोटं घट्ट बांधलं अन् बायाईच्या कड्यात शिरलो.

नंगारावाला थांबला. बायाईच्या काठ्या वरच्या वर राह्यल्या. खुंट्यापाशी भुरीबाई उभी होती, लेकरू सासूजवळ देऊन, काठी दोन्ही हातात धरून. तिनं पहिली काठी जपून मारली, अंगावरची माशी हाकलावी तशी.

मी म्हतलं, "जोरानं मार, बाई. म्हातारा समजू नको."

मंग तिनं मारली. पाठीवर, खांद्यावर, पुन्हा पाठीवर. मारताना ती रडून राह्यली होती अन् मी देगचीकडं सरकत होतो. बारा सालाचं अन् तेरसचं, दोन्ही त्यात होतं. मी हात वर केला नाही. देगचीच्या कडेले हात लागला तशी तिनं काठी टाकली. देगचीले ज्याचा हात लागला त्याले लेकराच्या मायनं पहिला घास द्याचा असते. तिनं घास उचलला, माह्या तोंडात घातला, अन् सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "काका, गोड झाली का?"

बोलल्यावर तिलेच समजलं. ती कावरीबावरी झाली. नायक जमिनीकडं पाहाले लागला. लालीबाई बायाईतून उलुसी पुढं आली, म्हणजे मी अडकलो त तिनं बोलाचं. सारा तांडा मले वाचवाले उभा होता. गोड आहे म्हणणं किती सोपं होतं. लापशी गोडच असते.

मी म्हतलं, साऱ्याईले ऐकू जाईन असं, "बाई, माही जीभ तापात गेली. मले काही समजत नाही. तेरसले तुह्या दारूलेही मी न समजता नाही म्हतलं. लापशी कशी आहे, तूच सांग."

भुरीबाईनं पदरानं नाक पुसलं. देगचीतून बोटभर घेऊन स्वतः चाखली. घाई केली नाही.

"भल्ली गोड आहे, काका," ती म्हणाली.

"मंग गोड आहे," मी म्हतलं, अन् आणखी एक घास मागतला.